शुक्रवारचे कागद

आमच्या केंद्रात औषध द्यायची खिडकी एकच आहे, आणि त्या खिडकीमागे सोळा वर्षं एकच बाई उभी होती. पदाने ती कंपाउंडर. पण तिला सगळे घड्याळबाई म्हणत. अफू, ब्राऊन शुगर, दुखण्यावरची इंजेक्शनं यांच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या माणसाला रोज सकाळी एक गोळी जिभेखाली धरावी लागते. गिळायची नाही, चघळायची नाही, ती विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. याला दहा मिनिटं लागतात. घड्याळबाई गोळी द्यायची, समोरच्या बाकावर बसवायची आणि मनगटावरच्या मोठ्या पुरुषी घड्याळाकडे बघत उभी राहायची. वेळ भरली की म्हणायची, "आ करा." जीभ उचलून दाखवली की सुटका. गोळी गालात लपवून बाहेर विकणारे महाभाग असतात, म्हणून ही तपासणी.

त्या बाकावर एका वेळी सात-आठ बाप्ये तोंड मिटून बसलेले असत आणि हातवाऱ्यांनी एकमेकांचा उद्धार करत. एक ट्रकवाला नुसत्या भुवया नाचवून अख्ख्या बाकाला हसवायचा. घड्याळबाई खेकसायची, "अरे, हसवू नका त्याला, गोळी माझ्या अंगावर येईल!" मग स्वतःच तोंड फिरवून हसायची.

मी खिडकीशेजारच्या टेबलावर बसून रजिस्टर लिहिते. यजमान गेल्यावर घरात एकटीने भिंतींकडे बघत बसायला नको म्हणून आले, त्याला अकरा वर्षं झाली. रजिस्टरमध्ये 'आला' किंवा 'आला नाही' एवढंच लिहायचं असतं. बाकीचं मी घरी गेल्यावर माझ्या वहीत लिहीत आले. ही हकिकत त्या वहीतली आहे.

घड्याळबाईने लग्न केलं नव्हतं. घरी आई होती आणि एक धाकटा भाऊ. भाऊ वायरमन. शिडीवरून पडून त्याची पाठ दुखावली, डॉक्टरांनी दुखण्यावर इंजेक्शनं दिली, पाठ बरी झाली आणि इंजेक्शनं राहिली. मग त्याहून स्वस्त आणि त्याहून वाईट ते सुरू झालं. तांब्याची तार चोरताना सापडला आणि आत गेला. आतून तो सुटला त्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी घरी आला, आईच्या हातचं जेवला, बहिणीला म्हणाला, "ताई, सोमवारी मला तुझ्या बाकावर बसव." रविवारी दुपारी न्हाणीघराचं दार फोडावं लागलं.

"तो काही जास्त घेऊन गेला नाही, मावशी," तिने मला एकदा सांगितलं. गोळ्यांची पाकिटं मोजत होती, मान वर केली नाही. "पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं. आठ महिन्यांत अंगाची सवय मोडली होती. त्याला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. मी त्याला सांगितलं नव्हतं. घरी आल्या आल्या कुठे तो विषय काढायचा, म्हटलं सोमवारी बोलू."

तिची आई त्यानंतर पाच वर्षं जगली आणि त्या पाच वर्षांत जेवणाच्या ताटावर एकच वाक्य बोलत राहिली: "जगाला औषध देतेस."

शुक्रवारचं गणित समजायला सोपं आहे. तुरुंगातल्या दवाखान्यात गोळी रोज सकाळी आठला मिळते. पण तुरुंगातली गोळी तुरुंगाच्या फाटकाबाहेर जात नाही, तसा नियम आहे. आमची खिडकी शनिवार-रविवार बंद. आमच्या जुन्या लोकांना शुक्रवारीच दोन दिवसांच्या गोळ्या घरी देतो. पण नव्या माणसाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय काही देता येत नाही, आणि डॉक्टर सोमवारी येतात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुटलेला माणूस शनिवारी कसाबसा तग धरतो. रविवारी अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात कालवाकालव होते. आणि नेमका तेव्हाच कोणीतरी जुना दोस्त "आलास का रे?" म्हणत दारात उभा असतो.

शनिवारीही खिडकी उघडावी म्हणून घड्याळबाईने सात अर्ज केले. सुवाच्य अक्षर हवं म्हणून सातही माझ्याकडून लिहून घेतले. सातही वेळा 'विचाराधीन' असं उत्तर आलं. सातव्या वेळी ती म्हणाली, "मावशी, एवढा विचार केला असता तर त्यांना वेड लागलं असतं." आणि ती तुरुंगाच्या कारकुनाकडे गेली. मी बरोबर होते.

कारकून निवृत्तीला आलेला, चष्म्याला दोरी बांधलेला, भला माणूस. त्याच्याकडे न्यायालयातून सुटकेचे कागद येत. चारनंतर आलेल्या कागदावर पुढच्या कामाच्या दिवशी कारवाई करावी असा नियम होता. पण तो सहापर्यंत थांबायचा आणि आलेला कागद त्याच संध्याकाळी हातावेगळा करायचा.

"माणसाला उगाच दोन दिवस जास्त कशाला डांबायचं?" तो म्हणाला. "सोमवारी करा म्हणून कोणी मला सांगितलेलं नाही, आणि मीही कोणाला विचारलेलं नाही."

"मी सांगते ना आता," घड्याळबाई म्हणाली. "सोमवारी करा."

"बाई, लोक इथे पाया पडतात, लवकर सोडा म्हणून. उशिरा सोडा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तिने भावाची हकिकत सांगितली. मला सांगितली होती तशीच, आवाज न चढवता. कारकुनाने चष्मा काढला, दोरीवर लोंबू दिला.

"सगळ्यांचे थांबवू?"

"नाही. गोळीच्या यादीतले तेवढेच. मी यादी देईन. त्यांना सोमवारी सकाळची गोळी आत द्या आणि मग सोडा. फाटकाशी मी असेन."

"म्हणजे तुमचं म्हणणं, मी नियम पाळावा."

"तेवढंच."

"आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळून पाप केल्यासारखं वाटणार," असं तो म्हणाला, आणि पाळू लागला.

तीन वर्षं हे चाललं. दर सोमवारी घड्याळबाई तुरुंगाच्या फाटकाशी पाण्याची बाटली घेऊन उभी असे. सुटून आलेल्याच्या तोंडाला कोरड पडलेली असते, आणि कोरड्या तोंडात दुसऱ्या दिवसापासूनची गोळी विरघळत नाही, म्हणून आजपासूनच पाणी पीत जा, हे तिचं पहिलं वाक्य. तिथून ती त्याला थेट केंद्रात आणायची, डॉक्टरांसमोर बसवायची, माझ्या रजिस्टरात नाव घालायची. घर नंतर. कोणाची आई, बायको फाटकाशी आलेली असली तर तीही आमच्या जिन्यात बसून राही. त्या तीन वर्षांत सोमवारी सुटलेल्यांपैकी पहिल्या महिन्यात एकही दगावला नाही. एकशे चार माणसं. माझ्या वहीत आकडा आहे. दोन दिवस जास्त आत का राहिलो, हे त्यांतल्या कोणीच विचारलं नाही. कागदाला उशीर झाला असं त्यांना वाटायचं, आणि आम्ही तसं वाटू द्यायचो.

मग रंगाऱ्याचं प्रकरण आलं.

रंगारी एकतीस वर्षांचा होता. इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, दोरीला लटकून. मारामारीच्या गुन्ह्यात अकरा महिने आत होता आणि आत गेल्यावर आपणहून गोळीच्या यादीत नाव घालून घेतलं होतं. त्याला जामीन मिळणार असं ठरलं त्या शुक्रवारी बारा वाजता त्याची बहीण खिडकीशी आली. पोळीभाजीचे डबे करणारी बाई, हातात रिकाम्या डब्यांची पिशवी.

"ताई, तो आज सुटतोय ना? वकील म्हणाला, आज नक्की."

"कागद आला तर."

"येणार. आईने तीन दिवस अन्न घेतलेलं नाही. सारखं दाराकडे बघते. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही. तो आला की तोंडात पाणी घालेल, म्हणजे तिचा जीव मोकळा होईल."

घड्याळबाईने विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"मी, माझा नवरा, आई. का?"

"त्याचे जुने दोस्त येतात का तुमच्याकडे?"

बहीण जरा चिडली. "दोस्त समोरच राहतात, ताई. त्यांना काय सांगू, चाळ सोडून जा?"

चार वाजून दहा मिनिटांनी कारकुनाचा फोन आला. आमचा फोन जुना आहे, त्यातलं बोलणं टेबलापर्यंत ऐकू येतं. "रंगाऱ्याचा कागद आलाय. त्याची आई आजारी आहे म्हणे, वकील सांगत होता. काय करू? सोडू?"

घड्याळबाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "बाई, त्याची आई."

तिने रिसीव्हरवर हात ठेवला. "मावशी, आई सत्तरीची आहे. ती आज नाही तर उद्या जाणारच. रविवारी ती गेली तर हा त्या घरात असेल, जिभेखाली गोळी नाही, दोस्त समोर. तुम्हीच सांगा, त्या घरातून एक तिरडी निघू दे की दोन?"

नको म्हणायला जीभ उचलली नाही, हो म्हणायलाही नाही. माझ्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: 'मी गप्प बसले.'

"नियमाने करा," ती फोनवर म्हणाली.

आई रविवारी दुपारी तीनला गेली. जावयाने सगळं उरकलं.

सोमवारी रंगारी सुटला तेव्हा त्याला काहीच माहीत नव्हतं. फाटकाशी घड्याळबाई होती. बहिणीला तिने आमच्या मागच्या जिन्यात बसवून ठेवलं होतं, तोंडावर बोट ठेवून. डॉक्टरांनी तपासलं. तुरुंगात त्या दिवशी गोळ्यांचा साठा उशिरा आला होता आणि त्याची सकाळची गोळी राहून गेली होती, म्हणून डॉक्टरांनी ती इथेच द्यायला सांगितली. रंगारी बाकावर बसला, गोळी जिभेखाली. ट्रकवाल्याने त्याला भुवयांनी विचारलं, कितीची शिक्षा भोगलीस? रंगाऱ्याने एकदा दहा बोटं दाखवली आणि मग एक. ट्रकवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. सगळा बाक खांदे हलवून हसला. मग रंगारी माझ्याकडे वळला. पाठीला पोक काढलं, हातात काठी धरल्यासारखं केलं आणि भुवई वर नेली. म्हातारी कशी आहे, असं तो विचारत होता. बहीण कधीतरी इथे येऊन गेली असणार हे त्याने ओळखलं असावं.

मी रजिस्टरात मान घातली.

घड्याळबाई घड्याळाकडे बघत होती. सहा मिनिटं झाली होती. उरलेली चार तिने पूर्ण होऊ दिली. "आ करा," म्हणाली. जीभ बघितली. मग मागच्या जिन्याचं दार उघडून बहिणीला आत घेतलं.

त्या वेळी तो रडला, बहिणीच्या गळ्यात पडला, आणि जाताना घड्याळबाईच्या पाया पडला. मंगळवारी आला, बुधवारी आला. बुधवारी संध्याकाळी त्याला त्याच्या बराकीतला एक जण रस्त्यात भेटला. मोबाईल चोरणारा, गोळीशी काही संबंध नसलेला. तो म्हणाला, "तू आतच राहिलास होय? आपले कागद एकाच गठ्ठ्यात आले. मी तर शुक्रवारी सहाला बाहेर." रंगारी गुरुवारी सकाळी कारकुनाकडे गेला. कारकुनाला खोटं बोलता येत नाही; त्याने सगळं सांगितलं, बाईच्या भावाचंसुद्धा.

तिथून तो सरळ खिडकीशी आला. मध्ये नऊ माणसं रांगेत होती, ती बाजूला झाली.

"शुक्रवारी माझी आई जिवंत होती."

"होती," घड्याळबाई म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी बहीण सांगून गेली होती."

"मी गोळीच्या यादीत नसतो तर शुक्रवारी सुटलो असतो ना?"

"हो."

"म्हणजे सुधारायला निघालो म्हणून शिक्षा. चोरटा घरी जाऊन कोंबडी खातो आणि मी आत बसून तुमचा सोमवार बघतो."

"तू जिवंत आहेस," ती म्हणाली. "माझ्या भावाला शुक्रवारी सोडलं होतं."

"मी तुमचा भाऊ नाही!" तो एवढ्या जोराने ओरडला की आतून डॉक्टर बाहेर आले. "तुमच्या भावाचं सुतक माझ्या आईकडून का फेडून घेता? मला विचारलं का? दोन दिवस कुठे राहायचं ते मला विचारलं का कोणी? मी म्हणालो असतो, आईचं तोंड बघून मरतो. माझं मरण होतं ते, तुमच्या बापाचं नव्हे!"

घड्याळबाईने गोळी पुढे केली होती. कागदाच्या कपात, नेहमीसारखी. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या हातून नाही," म्हणाला आणि जिना उतरून गेला. बाकावरचे सात जण तोंडं मिटून बसले होते. कोणी हात हलवला नाही.

शुक्रवारी तो आला नाही. सोमवारी नाही. मंगळवारी बहीण आली, डोळे सुजलेले. "नुसता पडून आहे, ताई. अंग थरथरतंय. समोरचे दोघं काल येऊन बसले होते, मी लाटणं घेऊन हाकलले. किती दिवस हाकलू? तो म्हणतो, त्या बाईचा हात असेल तिथली गोळी नको. त्याला दुसरी खिडकी नाही का हो कुठे?"

दुसरी खिडकी नव्हती. मी सुचवलं, त्याची गोळी मी देते, बाईंनी आत जावं. तसं चालत नाही. गोळी कंपाउंडरनेच द्यायची असते, तिची सही लागते. घड्याळबाईने त्या दिवशीची रांग संपवली, खिडकी लावली आणि माझ्यासमोर बसली. "मावशी, अर्ज लिहा. बदलीचा. कारण लिहा, घरगुती."

"अहो, सोळा वर्षं झाली. आणि घरी आहे कोण तुमच्या?"

"म्हणूनच लिहा. कोणी तपासायला जाणार नाही."

हा अर्ज मात्र विचाराधीन राहिला नाही. त्यावर चौथ्या दिवशी सही झाली. रंगाऱ्याच्या बहिणीने तक्रार केलेली होती, वरिष्ठांना प्रकरण मिटवायचं होतं. चौकशीत असं निघालं की कारकुनाने नियमाप्रमाणेच काम केलं आणि घड्याळबाईने कारकुनाला नियमाप्रमाणेच काम करायला सांगितलं, सबब कोणाचाही दोष नाही. अहवालाची प्रत मी वाचली. शनिवारच्या खिडकीबद्दल त्यात शब्द नव्हता.

तिच्या जागी एक तरुण कंपाउंडर आला. भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ मोजतो. तो रुजू झाला त्या दिवशी बहिणीने रंगाऱ्याला जवळजवळ ओढतच आणलं.

पण खरं नुकसान आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. तुरुंगात बातमी पसरली होती: गोळीच्या यादीत नाव घातलं की शुक्रवारी सुटका नाही. कारकून तोपर्यंत निवृत्त झाला होता, आणि नवा माणूस पाचच्या ठोक्याला टेबल आवरतो, पण तोपर्यंत आलेले सगळे कागद, गोळीवाल्यांचेही, त्याच दिवशी करतो. हे आतल्या कोणाला खरं वाटेना. यादीत त्रेचाळीस नावं होती, ती एकोणीसवर आली. चोवीस जणांनी आपली नावं काढून घेतली. आतल्या डॉक्टरांनी समजावलं, तर एक जण म्हणाला, "साहेब, माझी पण आई आहे."

रंगारी एकदा रजिस्टरवर सही करता करता थांबला. "आजी, ती बाई माझी चौकशी करते का?"

"करते. दर रविवारी फोन करते."

"तिला सांगू नका मी येतो म्हणून."

"का रे?"

"माझी आई दोन दिवस दाराकडे बघत होती. हिला बघू दे आयुष्यभर."

रजिस्टरमधलं बाहेर न सांगणं हा तसाही माझ्या कामाचा भाग आहे, आणि घड्याळबाई आता बाहेरचीच होती. लांबच्या एका इस्पितळात खोकल्याची आणि तापाची औषधं देत होती.

या रविवारी तिचा फोन आला.

"कशा आहात, मावशी? गुडघा?"

"आहे तसाच."

"रंगारी येतो का?"

"बाई, रजिस्टरमधलं मला सांगता येत नाही."

ती म्हणाली, "म्हणजे रजिस्टरमध्ये आहे तर अजून."

सत्तेचाळीस वर्षांची बाई फोनवर नाक ओढत होती, ते ऐकू येत होतं. त्याचं म्हणणं मी मोडलं की पाळलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आणि शुक्रवारचे?" तिने विचारलं. "मी तिथून निघाल्यापासून किती गेले?"

ते मात्र मला सांगता येत होतं. त्यांची नावं यादीतून आधीच निघाली होती, आमच्या रजिस्टरात कधी आलीच नाहीत, आणि मेलेल्या माणसाची कशाला हरकत नसते.

"तिघं," मी म्हणाले.

"वयं?"

मी वही उघडून वाचली. बावीस. पस्तीस. एकोणतीस.

"पस्तीसवाल्याचं लग्न झालं होतं?"

"दोन मुली."

मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं, खोकल्याच्या औषधाची बाटली गळते आहे म्हणून. "आले, आले," ती तिकडे म्हणाली, आणि फोन ठेवला.